दाजींची सहा टप्प्यांची जाळी

आमचे दाजी तीस वर्षं खिडक्यांच्या जाळ्या बनवतात. आमच्या कामगार संघटनेच्या कचेरीसाठी त्यांनी एकमेकांत गुंफलेल्या वर्तुळांची जाळी केली. म्हणाले, “सृष्टी अशीच उमलली.”

मी भडकलो. “आमच्या कचेरीत अंधश्रद्धा? परत न्या!”

दाजींनी खिळ्याला दोरी बांधून खडूने जमिनीवर वर्तुळ काढलं. मग तीच दोरी काठावर टप्प्याटप्प्याने ताणली. सहाव्या टप्प्याला ती बरोबर पहिल्या खुणेवर आली.

“सहाच का, मेव्हणे? सांगितलंत तर आत्ता तोडतो जाळी.”

मी अर्धा तास शोषणावर बोललो.

“झालं? मग हे टोक धरा.”

जाळी बसेपर्यंत मी मुकाट धरून उभा. दारातून बहीण म्हणाली, “हा गप्प? आहे बाई शक्ती त्या जाळीत!”