कुंकवामागचा लाल दिवा

थोरल्या भावाने जुनी ॲम्बेसेडर घेतली ती हौसेने नव्हे. विद्यापीठाच्या नामांतराच्या त्या वर्षांत कुठे काही पेटलं की आधी एसटी बंद व्हायची, आणि आमच्या आईला दमा होता. सोनपेठजवळच्या गावाहून परभणीचा दवाखाना गाठायचा तर घरची गाडी हवी, एवढाच त्याचा हिशोब.

डॅशबोर्डवरच्या एका छोट्या लाल दिव्याबद्दल आधी सांगतो. चावी फिरवली की तो लागतो. इंजिन सुरू झालं की विझला पाहिजे. चालत्या गाडीत तो लागलेलाच राहिला, मंद का असेना, तर डायनामो बॅटरीला वीज देत नाही असं समजावं. मग गाडी साठलेल्या विजेवर चालते आणि ती संपली की असेल तिथे थांबते. हे भावालाही ठाऊक होतं.

पण दसऱ्याला वहिनीने गाडीची पूजा केली. बॉनेटला, स्टिअरिंगला, डॅशबोर्डच्या काचेला ओल्या कुंकवाची बोटं ओढली. पूजेचं कुंकू आमच्याकडे पुसत नाहीत, आपोआप झडू देतात. काचेवरचं एक बोट नेमकं त्या दिव्यावर वाळलं होतं.

दिवाळीनंतर एका दुपारी आईची धाप वाढली. गंगाखेडमार्गे निघालो. भाऊ गाडी चालवत होता, वहिनी त्याच्या शेजारी, मी मागे, आईचं डोकं माझ्या मांडीवर. गंगाखेड सोडलं तेव्हा ऊन उतरलं होतं. एका बैलगाडीला भावाने हॉर्न दिला, तो घोगरा वाजला.

"ह्याला बी दमा झाला का काय," भाऊ म्हणाला. आई हसली आणि तिला ढास लागली.

ढास ओसरल्यावर आई म्हणाली, "समोर लाल काय जळायलंय रं?"

"कुंकू हाय माय. तुझ्या सुनंनं लावलंय. माझे एवढे लाड कधी केले न्हाईत तिनं."

"गप गाडी चालवा तुमी," वहिनी म्हणाली.

"इझव ते," आई म्हणाली. "डोळ्यावर येतंय."

"बरं, इझवतो." तिच्या समाधानासाठी भावाने डॅशबोर्डवर हात फिरवल्यासारखं केलं.

अंधारून आलं तसे त्याने हेडलाईट लावले. उजेड पिवळा पडत गेला, पुढे पुढे रस्त्यापर्यंत पोचेना. पोखर्णीच्या अलीकडे इंजिनाने आचके दिले आणि गाडी थांबली. तेव्हा, वाळलेल्या कुंकवाच्या भेगांतून, आतला लाल उजेड झिरपताना आम्हाला दिसला. भाऊ नखाने कुंकू खरवडत राहिला.

सरकी भरलेला एक ट्रक थांबला. त्याच्या केबिनमध्ये आईला बसवून परभणीला नेलं. पहाटे ती गेली. वेळेवर आलो असतो तर, असं भावाने डॉक्टरांना विचारलं. "सांगता येणार नाही," ते म्हणाले. हो किंवा नाही, काहीही म्हणाले असते तर बरं झालं असतं.

डायनामो दुरुस्त होऊन गाडी घरी आली. भावाने मात्र एकच धरलं होतं: माय सांगायली होती, मी ऐकलं न्हाई. जेवताजेवता हात थांबायचा त्याचा.

मला एक शंका होती, आणि पडताळून बघितल्याशिवाय मला राहवत नाही. एका संध्याकाळी, अंधारून येताना, मी त्याला गाडीत मागच्या सीटवर आडवं व्हायला सांगितलं. आईचं डोकं होतं तिथे, तेवढ्याच उंचीवर, घडी केलेली चादर ठेवली. वहिनीला पुढे तिच्या जागेवर बसवलं. चावी फिरवली. लाल दिवा लागला.

"दिसायलाय का?"

"न्हाई. पुढच्या सीटची पाठ मधी येती."

"समोरच्या काचेत त्याची झाक? बाजूच्या?"

"न्हाई."

"मग झालं तर," मी म्हणालो. "आईला दिवा दिसतच नव्हता. ती त्याचं सांगत नव्हती तुला."

त्याचा जीव मोकळा व्हावा म्हणून तर हे सगळं मांडलं होतं. पण भाऊ उठला नाही. टपाकडे बघत तसाच पडून राहिला.

"मग तिला काय दिसायलं होतं?" त्याने विचारलं.

मी चावी बंद केली. "चला आत," वहिनी म्हणाली. पण दाराला हात तिनेही लावला नाही.