टॅकेटांच्या फ्रिजमधली दुसरी पाई

सिकॅमोर फोर्डमध्ये डॉर्सी टॅकेटला कोणी कंजूष म्हणत नसे, कारण कंजूष माणसाचे निदान पैसे तरी वाचतात. डॉर्सीचे तेही वाचत नव्हते. शाळेच्या बसगाड्या दुरुस्त करण्यात त्याचा जन्म गेला. निवृत्त होताना गॅरेजवाल्यांनी भेट काय हवी विचारलं, तर याने मागितल्या चाकांना लावतात त्या शिशाच्या जुन्या वजनांनी भरलेल्या बादल्या. ते शिसं वितळवायचं, साच्यात ओतून वाटाण्याएवढ्या गोळ्या पाडायच्या, आणि झाडलेल्या काडतुसांच्या रिकाम्या पुंगळ्यांत पुन्हा दारू भरून त्या वर बसवायच्या, हा त्याचा उद्योग. दारूला न शिवणाऱ्या त्या बॅप्टिस्ट घरात दारू होती ती एवढीच. दुकानातलं काडतूस महाग पडतं आणि घरचं जवळजवळ फुकट, हे तो भेटेल त्याला समजावून सांगायचा. मग साचा, भट्टी, तराजू आणि दाबयंत्र यांना काय पडलं, असं कोणी विचारलं की त्याला एकाएकी ऐकू येईनासं व्हायचं.

हा सगळा खटाटोप एका तळहाताएवढ्या पिस्तुलासाठी होता, आणि पिस्तूलही त्याचं नव्हे, बायकोचं. व्हर्लीनला ते तिच्या वडिलांनी दिलेलं. कोंबड्यांच्या खुराड्यात कॉपरहेड नावाचे विषारी साप शिरत, म्हणून अंडी गोळा करायला जाताना ती ते एप्रनच्या खिशात टाकायची. नेम तिचा चांगला होता. डॉर्सीचा नेम कसा आहे हे त्यांच्या पत्र्याच्या टपालपेटीकडे बघून कळायचं. पण पिस्तूल म्हातारं आणि नखरेल. दुकानातली काडतुसं त्याला चालत, पण ती वर्षातून एखाद्या वेळी मिळत. डॉर्सीची पहिली गोळी छान सुटायची आणि दुसरी अर्ध्यातच अडकून बसायची. साप एका गोळीत मरतो असं तुला कोणी सांगितलं, एवढंच व्हर्लीनने विचारलं होतं, पण ते त्याला फार लागलं.

त्या हिवाळ्यात त्याने वितळलेलं शिसं तिच्या मफिनच्या साच्यात ओतलं. लाद्या छान पडल्या. रविवारी मफिन करायला बसलेल्या व्हर्लीनला साच्याच्या तळाशी एक चकचकीत ठिपका दिसला म्हणून निभावलं, नाहीतर अख्खी चर्च कमिटी शिसं खाऊन गेली असती. ती त्याला घेऊन थेट पास्टर हबर्डकडे गेली आणि पास्टरसमोर त्याच्याकडून कबूल करून घेतलं की यापुढे तिच्या एकाही भांड्यात गोळ्यांचं काही सापडलं, तर कपडे धुण्याच्या खोलीतलं त्याचं बेंच, भट्टी आणि बादल्यांसकट, भंगारवाल्याकडे जाईल. डॉर्सीने मान खाली घालून हो म्हटलं. व्हर्लीन बोलते तसं करते, हे त्याच्याइतकं कोणाला माहीत असणार?

वसंतात त्याला दोष सापडला. गोळी पुंगळीत केसभर कमी खोल बसत होती, आणि तिला लावायचं ग्रीस चिकट होतं. त्याने मधमाश्यांचं मेण आणि लोकरीचं तेल घालून नवं ग्रीस केलं. आता गोळ्या एका पसरट भांड्यात उभ्या मांडायच्या, त्यांच्या कंबरेपर्यंत पातळ ग्रीस ओतायचं, ते गार होऊन थिजलं की एकेक गोळी उपटून काढायची. पसरट, गोल, सपाट तळाची भांडी घरात दोनच होती, व्हर्लीनची पाईची, आणि त्यातलं एक रिकामं होतं. ती केस सेट करायला गेली होती. अर्ध्या तासाचं तर काम, असं म्हणत डॉर्सीने भांडं फ्रिजमध्ये तिच्या झाकून ठेवलेल्या पाईशेजारी सरकवलं, वर अॅल्युमिनियमचा कागद दाबला, आणि तेवढ्यात शेजारचा एमेट प्रूइट गाडी सुरू होत नाही म्हणून त्याला घेऊन गेला.

तो परतला तेव्हा व्हर्लीन चर्चला गेलेली होती, कारण त्या दिवशी पाईचा लिलाव होता. फ्रिजमध्ये एक भांडं शिल्लक दिसल्यावर डॉर्सीचा जीव भांड्यात पडला. त्याने कागद उचलला. आत ताकाची गोड पाई होती, पिवळसर, गुळगुळीत, ताजी. जीव परत भांड्यातून बाहेर आला, कारण दुसरं भांडं आता चर्चमध्ये होतं.

खरी पाई मांडीशी घेऊन तो ट्रक हाकत सुटला. गुपचूप अदलाबदल करावी हा बेत होता. पण सगळ्या पाई मंचावर टेबलावर मांडलेल्या, कागदाखाली झाकलेल्या, आणि समोर सारं गाव खुर्च्यांवर बसलेलं. पाई कोणाची हे लिलावात गुपित ठेवतात, पण व्हर्लीन भांड्याला बांधते ती निळी रिबीन ओळखत नाही असा माणूस त्या गावात नव्हता. डॉर्सीने खरी पाई ट्रकच्या सीटखाली सारली आणि मागच्या रांगेत जाऊन बसला. एक रस्ता उरला होता: ती पाई आपणच जिंकायची.

वादळात छप्पर उडालं त्या वर्षापासून आमच्या चर्चमध्ये बोली पैशांची लागत नाही, कामाची लागते. पास्टरने निळ्या रिबिनीचं भांडं उचललं, हातात तोललं आणि या पाईला चांगलं वजन आहे असं कौतुकाने सांगितलं. एमेट प्रूइट विधुर, त्याला वर्षभर डबाबंद घेवड्यावर काढावं लागे. त्याने लगेच चर्चच्या शेगडीसाठी लाकडं फोडून देण्याची बोली लावली. डॉर्सीने हात वर केला आणि छपराच्या पन्हळी साफ करीन म्हणाला.

खोलीतल्या माना वळल्या. घरी फुकट मिळतं त्याच्यावर बोली कशाला, हा डॉर्सीचा इतक्या वर्षांचा विनोद होता, आणि व्हर्लीन दर वर्षी त्याला हसून दाद द्यायची. आता ती पहिल्या रांगेतून वळून बघत होती आणि तिचा चेहरा असा उजळला होता, की डॉर्सीला तिच्याकडे बघवेना.

एमेटला वाटलं, डॉर्सीसारखा माणूस बोलीला उतरतो म्हणजे व्हर्लीनने या वेळी काहीतरी विशेष घातलंय. त्याने कुंपण रंगवण्याचं कबूल केलं. डॉर्सी चर्चच्या तळघरातला तुंबलेला संडास म्हणाला. एमेट म्हणाला, संडास आणि कुंपण दोन्ही. मग डॉर्सी उभा राहिला.

"दफनभूमीतलं गवत," तो म्हणाला. "अख्खा उन्हाळा."

टेकडीच्या उतारावरच्या चर्चच्या दफनभूमीतलं गवत आजवर कोणी राजीखुशीने कापलं नव्हतं. यंत्र उतरणीला पळतं, आणि गवतात साप. एमेटने माघार घेतली. पास्टरने हातोडी आपटली आणि नवऱ्याने बायकोची कदर कशी करावी यावर दोन शब्द ऐकवले.

जिंकणाऱ्याने आणि करणारीने समोरच्या टेबलाशी बसून पाई खायची, अशी रीत आहे. व्हर्लीन समोर येऊन बसली. तिचे डोळे ओले होते.

"इतक्या वर्षांत कधी नाही, डॉर्सी," ती हळूच म्हणाली.

खोटं बोलायची हीच वेळ होती, पण त्याला ते जमलं नाही. "उघडू नकोस," तो म्हणाला. तिने कागदाची कड उचललीच. पिवळ्या मेणात शिशाच्या गोळ्या शाळेतल्या मुलांसारख्या रांगेत उभ्या होत्या. तिने एक उपटून बोटांत धरली, आणि आपल्या पिस्तुलाच्या गोळीचा आकार ओळखला.

तेवढ्यात एमेट रिकामी बशी घेऊन आला आणि शेजारधर्म म्हणून एक तुकडा मागितला. डॉर्सीने डोळे मिटले. गावासमोर, पास्टरसमोर, आता सगळं बाहेर येणार होतं.

व्हर्लीनने मुठीत गोळी दडवून दुसऱ्या हाताने कागद नीट दाबून बसवला. "नाही रे एमेट," ती म्हणाली. "माझ्या नवऱ्याने उन्हाळा घातलाय हिच्यात. घासभर पण मिळायची नाही."

ट्रकमध्ये मात्र तिने त्याला सोडलं नाही. खरी पाई असती तर एवढी बोली लावली असतीस का, असं तिने विचारलं. डॉर्सीने थोडा विचार केला आणि नसती लावली, असं सांगून टाकलं. तिला रडू आलं नाही, राग आला. सगळ्या बायकांसमोर ती फुलून बसली होती आणि कशासाठी, तर मेणासाठी. बेंच उद्याच भंगारात, ती म्हणाली. मग गाडी वळणावर आली तेव्हा सीटखालून खरी पाई सरकत तिच्या बुटाशी येऊन थांबली. तिने ती उचलली आणि घर येईपर्यंत मांडीवर धरून बसली. दारात उतरताना तिने निकाल बदलला. या गोळ्या अडकल्या नाहीत तर बेंच राहील, अडकल्या तर जाईल.

डॉर्सीने काडतुसं भरली आणि अंगणात डबा ठेवून बघू म्हणाला. व्हर्लीनने साफ नकार दिला. डबा काही चावत नाही, सापावरच बघू, असं तिचं म्हणणं.

झालं असं, की त्या उन्हाळ्यात खुराड्याकडे एकही साप फिरकला नाही. डॉर्सी दर शनिवारी टेकडीवर गवत कापायचा, यंत्रामागे उतरणीवर धावायचा, आणि बेंच अजून अधांतरीच. व्हर्लीन छत्री आणि घडीची खुर्ची घेऊन सोबत यायची. कोणी विचारलं तर म्हणायची, तो कापतो की झोपतो ते बघायला येते.

जुलैत एका शनिवारी तिने एकदम हाक मारली, "डॉर्सी. पाय उचलू नकोस. आहेस तिथेच थांब."

एमेटच्या आत्याच्या कबरीपाशी, त्याच्या बुटापासून हातभर अंतरावर, तांबूस वेटोळं पडलं होतं. व्हर्लीन खुर्चीतून उठली, बाजूला सरकली, खिशातलं पिस्तूल काढून दोन्ही हातांत धरलं आणि साप बुटापासून लांब सरकेपर्यंत थांबली. पहिल्या गोळीने आत्याच्या कबरीवरची प्लॅस्टिकची फुलं उडाली. डॉर्सीने सापाकडे बघायचं सोडून पिस्तुलाकडे बघितलं. त्याचा वरचा सरकता भाग मागे जाऊन खटकन परत बसला, कुठेही न अडकता, आणि दुसऱ्या गोळीला सापाचं डोकं गेलं.

डॉर्सीने यंत्र बंद केलं.

"बेंच राहू दे," व्हर्लीन म्हणाली.

डॉर्सी यंत्राच्या दांड्याला धरून उभा होता. इतका वेळ त्याला बेंचची आठवणच झाली नव्हती. ती खिशात पिस्तूल घेऊन कशासाठी शनिवारमागून शनिवार उन्हात बसली होती, ते त्याच्या आत्ता कुठे ध्यानात आलं होतं.

"पुढच्या वर्षीही हे गवत मीच कापीन," तो म्हणाला.

"आता कशाला? गोळ्या तर जमल्या तुझ्या."

"गोळ्यांसाठी नाही. ताकाच्या पाईसाठी."

व्हर्लीनने पिस्तूल खिशात टाकलं, खुर्ची सरळ केली आणि त्याला सांगितलं की बोलत काय उभा राहिलास, एमेटच्या आत्याभोवतीचं गवत अजून तसंच आहे.