कापसातून गाळलेलं ऑइल

चार वर्षं मी माझ्या जीपला जळकं ऑइल पाजलं. ट्रकच्या इंजिनातून काढलेलं, काळंकुट्ट ऑइल. हायवेवरच्या जाम गावच्या चौकातला एक मिस्त्री ते ड्रममध्ये साठवायचा, मी त्याच्याकडून कॅन भरून आणायचो. घरी गाळायचं, डिझेलात मिसळायचं आणि टाकीत ओतायचं. तेवढंच डिझेल कमी लागायचं. जुनी गाडी, सिंदी ते सेलू सीटा भरून पळायची, तिला कशाचंच वावडं नव्हतं. मागून काळा धूर निघायचा. बाया पदर नाकाला लावायच्या, तर मी उलट त्यांनाच ऐकवायचो, "अत्तर टाकू का मंग टाकीत?"

मला कोणी अक्कल शिकवलेली खपत नाही. आधी तर मुळीच खपायची नाही.

अक्कल शिकवणारे घरातच होते, माझे बाबा. त्यांनी उभी हयात कापसाच्या जिनिंग मिलचा ट्रॅक्टर हाकला. त्यांची एक खोड होती. गाडी कोणाचीही असो, बसायच्या आधी टाकीचं झाकण काढायचे आणि नाक लावायचे. रॉकेलची भेसळ ते नुसत्या वासावर ओळखायचे. लग्नाच्या वऱ्हाडाची गाडीसुद्धा त्यांनी अशी थांबवली होती, नवरदेव आत बसलेला असताना. लोक हसायचे, पण नवी-जुनी गाडी घ्यायची झाली की बाबांनाच सोबत न्यायचे.

माझ्या टाकीला नाक लावून ते एकच म्हणायचे, "मारून राह्यला तू हे गाडी. इंजिनाले गटार पाजून राह्यला."

"चालून तर राह्यली न, बाबा."

"चालते तवरक चालते."

बोलणं तिथेच तुटायचं. मग दोन दिवस आम्ही एकमेकांशी मायच्या मार्फत बोलायचो.

गाळायची माझी पद्धत मात्र ठरलेली होती, त्यात मी कधी आळस केला नव्हता. कॅन आठ दिवस हलवायचा नाही. गाळ तळाला बसला की वरचं ऑइल मांजरपाटाच्या दुहेरी फडक्यातून सोडायचं. चौथ्या वर्षी दिवाळीनंतर ते फडकं फाटलं. पुढच्या खोलीत वेचणीचा कापूस पार आढ्यापर्यंत भरलेला होता. आपल्या घरात कापूस देवाच्या वातीला चालतो, जखमेला चालतो, गादीला चालतो, मग ऑइलला काय धाड भरली? मी दोन मुठी कापूस घेतला, सरकी काढली आणि बोळा करून नरसाळ्यात कोंबला. ऑइल असं देखणं उतरलं, तांबूस, पारदर्शक. मी स्वतःवरच खूश झालो.

बाबा ओट्यावर बसून बघत होते. म्हणाले, "कापूस तंतू सोडते रे. माह्या धोतराचं फडकं घे."

"झालं तुमचं सुरू?" मी म्हणालो, आणि त्यांच्यासमोरच सगळं टाकीत ओतलं. ते उठून आत गेले.

तिसऱ्या दिवशी सकाळी मी गाडी पुसत होतो. मायची हाक आली. बाबा मोरीपाशी चूळ भरत होते आणि पाणी तोंडाच्या उजव्या कोपऱ्यातून नुसतंच गळत होतं. तांब्या हातातून सुटला होता. माय हळू आवाजात म्हणाली, "ह्यायचं तोंड वाकडं झालं रे. हात उचलून नाई राह्यला."

सरकारी ॲम्ब्युलन्सला फोन लावला. गाडी दुसरा पेशंट घेऊन गेलती, अर्धा तास तरी लागेल म्हणाले. अर्धा तास कोण थांबतं? गाडी दारात उभी होती. मी आणि शेजाऱ्याने बाबांना उचलून मागच्या सीटवर ठेवलं, मायने त्यांचं डोकं मांडीवर घेतलं आणि आम्ही वर्ध्याला निघालो.

तीन किलोमीटरवर गाडीने आचके दिले आणि बंद पडली. मी बोनेट उघडलं. डिझेल येत नव्हतं. फिल्टर चोंदला असेल म्हणून नवा चढवला, इंजिनाजवळचा हातपंप मारून नळीतली हवा काढली. गाडी सुरू झाली. मी मायला म्हणालो, "पाह्य, झालं." दोन किलोमीटर गेलो नाही तर पुन्हा तेच. पुन्हा पंप, पुन्हा सुरू, पुन्हा बंद. काय होतंय ते मला कळेना, आणि कळत नाही हे कबूल करायची माझी तयारी नव्हती.

तेवढ्यात मागून एक पांढरी कार आली. आतल्या माणसाने काच खाली केली. "भाऊ, म्हाताऱ्याले माह्या गाडीत टाका. मी वर्ध्यालेच चाललो."

मी मान वर न करता म्हणालो, "नाई जी, झालंच. पाच मिनिटं."

हे वाक्य मी बोललो. दुसऱ्या कोणी नाही, मी. मायने माझ्याकडे पाहिलं, पण गाडीच्या बाबतीत आमच्या घरात माझ्यापुढे कोणी बोलत नव्हतं. तो माणूस बाबांकडे एकदा बघून निघून गेला. मी पंप मारत राहिलो. हात कोपरापर्यंत काळे झाले. मागून बाबांचा आवाज येत होता, शब्द नव्हते, नुसता घशातला आवाज. मला वाटलं, दुखत असेल.

शेवटी दुधाची गाडी आली तेव्हा माय स्वतः खाली उतरली आणि रस्त्याच्या मधोमध उभी राहिली. मला विचारलंही नाही. कॅनच्या मधल्या जागेत बाबांना झोपवून आम्ही दवाखान्यात पोचलो तेव्हा सकाळ सरून गेली होती. डॉक्टर तरुण होते. त्यांनी विचारलं, केव्हा सुरू झालं? मायने सांगितलं. ते म्हणाले, "गुठळी विरघळायचं इंजेक्शन असतं, पण ते ठराविक वेळेतच देता येतं. आता उशीर झाला." त्यांच्या आवाजात राग नव्हता. असता तर बरं वाटलं असतं.

बाबा वाचले. उजवी बाजू गेली आणि बोलणं गेलं.

गाडी ओढून जामला नेली. मिस्त्रीने टाकी उतरवली आणि नळीच्या तोंडाची जाळी काढून माझ्या हातावर ठेवली. जाळीवर अंगठ्याएवढा कापूस चिकटला होता, काळा आणि गच्च. गाडी बंद पडली की तो सुटायचा, सुरू झाली की पुन्हा ओढला जायचा. मिस्त्री म्हणाला, "टाकीत कापूस काऊन टाकला गा?" मी मूठ मिटली. घरी सांगितलं, इंजिनाचा डिझेल पंप गेला होता. गावात सगळे म्हणतात, गाडीने ऐन वेळी दगा दिला. मी ऐकून घेतो. मायला मी अजून सांगितलेलं नाही. भित्रा माणूस आहे मी, एवढ्या तोंडाळपणाच्या आत तेवढंच आहे.

आता टाकीत पंपावरच्या डिझेलशिवाय काही जात नाही. दर महिन्याला बाबांना तपासणीला न्यावं लागतं. पहिल्यांदा नेलं तेव्हा मी पुढचं दार उघडलं आणि त्यांना धरून आणलं. ते बसेनात. डाव्या हातातली काठी टेकत, पाय ओढत गाडीच्या मागच्या बाजूला निघाले. मला वाटलं लघवीला जायचं असेल. ते टाकीपाशी थांबले आणि काठीने झाकणावर दोनदा टकटक केलं.

मी झाकण काढलं. ते वाकले, टाकीला नाक लावलं आणि बराच वेळ तसेच राहिले. मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं. माय आतून विचारत होती, "काय पाहून राह्यले ते?" मी म्हणालो, "काई नाई, माय."

तेव्हापासून त्यांना काठी वाजवावी लागत नाही. मीच आधी झाकण काढून धरतो. ते हुंगतात आणि मगच माझ्या गाडीत बसतात.