हौसेरावांची दहा मिनिटं

कोपरखैरण्याच्या माथाडी वसाहतीत हौसेराव फडतऱ्यांना सगळे ‘पैलवान’ म्हणत. खटाव तालुक्यातल्या गावी त्यांनी पोरवयात तालमीत घाम गाळला होता आणि पुढे बावीस वर्षं पाठीवर गोण्या वाहिल्या होत्या. धान्याचा बाजार मुंबईतून वाशीला आला, तसे हौसेरावही खाडीच्या ह्या बाजूला राहायला आले. दोघांनी मिळून पाठीवर चढवलेली क्विंटलाची गोणी घेऊन ते ट्रकच्या फळीवरून असे झपझप उतरत की बघणाऱ्याला ती भुश्याची वाटावी.

चौऱ्याण्णव सालच्या दिवाळीच्या तोंडावर साखरेचा ट्रक लागला होता. फळी ओली नव्हती, पाय घसरला नाही, काहीच झालं नाही. फक्त कमरेत काहीतरी कट्‌कन वाजलं. हौसेराव गुडघ्यावर आले आणि गोणी पाठीवरून घरंगळली. डाव्या पायात वीज गेल्यासारखं झालं, पण त्यांना त्याहून जास्त लागलं ते टोळीतल्या माणसांच्या नजरेचं. बावीस वर्षांत त्यांनी गोणी मधेच टाकली नव्हती.

मणक्यातली गादी सरकली होती. डॉक्टरांनी सहा आठवडे पाठीवर झोपवलं, पट्टा दिला आणि ओझं बंद म्हणून लिहून दिलं. उठून फिरायला लागल्यावर मुकादमानं त्यांना गाळ्याच्या दाराशी स्टुलावर बसवलं. काम काय, तर आलंगेलं बघायचं. खाणं मात्र गोणी वाहणाऱ्या माणसाचंच राहिलं. वर्षभरात पोट पुढे आलं, बनियन काखेत काचायला लागला. वाकून चप्पल घालताना धाप लागायची. टोळी घामानं निथळत समोरून ये-जा करायची आणि हौसेराव स्टुलावर बसून चहा प्यायचे. त्यांना वाटायचं, ह्यापेक्षा पाय मोडला असता तर बरं झालं असतं. निदान दिसला तरी असता.

भागीरथी, त्यांची बायको, फार बोलणारी नव्हती. पण ताटावर बसलं की हल्ली नवरा मान वर करत नाही, हे तिच्या लक्षात आलं होतं. तिनंच चौकशी करून त्यांना वाशीच्या एका धर्मादाय दवाखान्यात नेलं. तिथं व्यायाम शिकवणारी तस्नीम नावाची मुलगी होती. मूळची म्हसळ्याकडची, पंचविशीतली, डोक्यावर ओढणी आणि आवाज करडा.

तिनं त्यांना चटईवर झोपवलं आणि गुडघा छातीशी घ्यायला लावला.

“पाच वेळा हा, पाच वेळा तो. मग कंबर थोडी उचलायची, पाच वेळा. आणि रोज दहा मिनिटं चालायचं. बस, काका.”

हौसेराव उठून बसले. “आन्‌ व्यायाम कवा सुरू करायचा, ताई?”

“हाच व्यायाम.”

हौसेराव हसले, पण भागीरथीला ते हसू आवडलं नाही. परत येताना बसमध्ये ते म्हणाले, “तान्ह्या पोराला तेल लावताना बाया करत्यात तसलं हाय हे. म्या पाचशे बैठका मारल्याला माणूस.”

आठ दिवस त्यांनी पाच-पाच करून पाहिलं. अंगाला काहीच लागल्यासारखं वाटेना. घाम नाही, दम नाही, मग व्यायाम कसला? नवव्या दिवशी भागीरथी नळावर पाण्याच्या रांगेत असताना त्यांनी दार लोटून घेतलं, लंगोट कसला आणि बैठका सुरू केल्या. वीस झाल्या, चाळीस झाल्या. अंग तापलं, जुनी ओळख पटल्यासारखं झालं. डोळ्यांत पाणी आलं त्यांच्या. साठाव्या बैठकीला खाली गेले ते वर आलेच नाहीत.

भागीरथी हंडा घेऊन आली, तेव्हा ते फरशीवर कुशीवर पडले होते आणि ओठ चावून धरला होता. शेजारच्या चौघांनी उचलून त्यांना खाटेवर ठेवलं. पुढचे वीस दिवस लघवीलासुद्धा बायकोचा आधार लागला. पायजम्याची नाडी ती बांधायची, तेव्हा हौसेराव भिंतीकडे तोंड करायचे. एकदा म्हणाले, “मला गावी नेऊन टाक.” भागीरथीनं नाडीची गाठ पक्की केली आणि म्हणाली, “गावी कोन बसलंय तुमची नाडी बांधायला?”

पुन्हा तस्नीमसमोर जाताना ते शाळेत छडी खायला निघाल्यासारखे गेले. ती रागावली नाही. तिनं एवढंच विचारलं, “तालमीत पहिल्या दिवशी किती मारल्या होत्या?”

“कुठल्या पहिल्या दिवशी? महिनाभर वस्तादानं आखाड्याची माती उकरायला लावली नुसती.”

“मग तुमच्या वस्तादाचं ऐकलंत आणि माझं का ऐकत नाही?”

हौसेराव आपणहून चटईवर आडवे झाले. तस्नीम म्हणाली, “काका, तुम्ही एका दिवसात किती करता ते मला नको. पुढल्या वर्षी ह्याच महिन्यात करत असाल का, ते सांगा. जेवढं तापाच्या दिवशीसुद्धा जमेल, तेवढंच धरा. पण रोज.”

पाणी सकाळी सहाला यायचं आणि साडेसहाला जायचं. भागीरथीनं ठरवून टाकलं, की पाणी भरून झालं की निघायचं. “दोघं?” हौसेरावांनी विचारलं. सत्तावीस वर्षांच्या संसारात ती दोघं लग्नाला, मयताला आणि दवाखान्यात सोडून कुठं बरोबर गेली नव्हती. पहिल्या दिवशी वसाहतीतल्या बाया नळावरून बघत राहिल्या. कुणीतरी म्हणालंसुद्धा, “पैलवान निघालं हवा खायाला.” हौसेरावांचे कान तापले. ते तरातरा पुढे निघाले, पण भागीरथीचे गुडघे दुखरे, ती मागे राहायची. दर विजेच्या खांबाशी थांबून तिची वाट बघावी लागायची. आधी त्यांचा जीव वैतागला. मग त्यांच्या ध्यानात आलं, की तिच्या चालीनं चाललं की कंबर बोलत नाही.

खाडीच्या बाजूला मातीचा बांध होता. तिथवर जायचं आणि मागं फिरायचं. घरी येऊन चटईवर पाच-पाच. पुढे पाचाचे सात झाले, सातांचे दहा. पोट थोडं उतरलं. हे सगळं सरळ झालं असं मात्र नाही. मे महिन्यात पुतणीच्या लग्नाला गावी गेले, तिथं आठ दिवस सगळं राहून गेलं. परत आल्यावर आज करू, उद्या करू म्हणत महिना गेला.

मग एक दिवस टोळीतला गोटीराम पडला. त्याचीही कंबर दोन वर्षं दुखत होती. तो कुणाला न सांगता दुखणं दबायची सुई टोचून घ्यायचा आणि गोणी उचलायचा. आता त्याचे दोन्ही पाय लुळे पडले. हौसेराव त्याला बघायला गेले, तर तो छताकडे बघत म्हणाला, “पैलवान, तुजं बरं. तू वेळंवर पडलास.” घरी येताना हौसेरावांना रस्ता दिसत नव्हता. दुसऱ्या दिवशी घाबरून त्यांनी तासभर चाल केली. पण भीती चार दिवस पुरली. पाचव्या दिवशी ते पुन्हा पांघरुणात. त्यांना उठवलं ते भांड्यांच्या आवाजानं. पाणी भरून झालं होतं आणि भागीरथी चप्पल घालून दारात उभी होती. त्या दिवशी दहाच मिनिटं झाली.

हौसेरावांनी बायकोला एक गोष्ट सांगितली नव्हती. हे सगळं ते परत टोळीत जायला मिळावं म्हणून करत होते. सत्त्याण्णव सालच्या जानेवारीत ते न सांगता डॉक्टरकडे गेले. डॉक्टरांनी पाय उचलून पाहिला, टाचणी टोचून पाहिली आणि मान हलवली.

“फार चांगलं ठेवलंय तुम्ही. पण ओझं नाही. ह्या जन्मात नाही.”

हौसेराव घरी आले आणि खाटेवर बसले. भागीरथीनं विचारलं तेव्हा सगळं सांगून टाकलं. “मग आता कशापायी करायचं?” ते म्हणाले. “स्टुलावर बसायला काय ताकद लागती?”

भागीरथीनं सूप पुढ्यात ओढलं. ती तांदूळ निवडत बसली. मग म्हणाली, “मला काय ठावं. मला गुडघ्यांला बरं वाटतं, मी जानार.”

ती खरंच गेली. पहिल्या दिवशी एकटी, दुसऱ्या दिवशी एकटी. हौसेराव खाटेवरून दाराकडे बघत राहायचे. गेल्या दोन वर्षांत आपण तिला किती ओझं झालो, हे त्यांना आतून पोखरत होतं. बांधावर मोकाट कुत्री असतात, हेही मनात यायचं. तिसऱ्या दिवशी ती अर्ध्या तासानं परत आली, तर साडीचा काठ चिखलानं भरलेला आणि कोपर खरचटलेलं. कुत्रं अंगावर आलं म्हणून बांधावरून उतरताना पडली होती. हौसेरावांनी हळद आणली, जखमेवर दाबली.

“एकटी कशाला गेलीस?”

“दुसरं हाय कोन संगं यायला?” ती म्हणाली. रागानं नाही, पण डोळे भरले होते.

चौथ्या दिवशी पाणी भरून झाल्यावर हौसेरावांनी कोपऱ्यातली काठी घेतली. बरं वाटेल, परत गोणी उचलता येईल, ह्यातलं काही मनात नव्हतं. तिनं एकटीनं जाऊ नये, एवढंच होतं. बांधापर्यंत ते तिच्या चालीनं चालले. परत येताना कंबर ठणकली, म्हणून एका खांबाशी ते थांबले. ह्या खेपेला भागीरथी त्यांच्यासाठी उभी राहिली.

अठ्ठ्याण्णव साल उजाडलं तरी डाव्या पायाची दोन बोटं बधिरच होती. पावसाळ्यात कंबर धरायची, कधी कधी आठवडाभर चटईवर दोन-दोनच व्हायचे. टोळी समोरून गेली की हौसेराव अजून नजर वळवायचे, ते दुःख काही चालण्यानं गेलं नाही. रविवारी ते गोटीरामकडे जायचे आणि तस्नीमला विचारून शिकून घेतल्याप्रमाणे त्याचा एकेक पाय हातात घेऊन गुडघ्यात वाकवायचे, सरळ करायचे. गोटीराम शिव्या द्यायचा. “सोड की, मेलेलं पाय हायत ते.”

“आसू दे,” हौसेराव म्हणायचे, आणि दुसरा पाय उचलायचे.