चावीतली मेलेली बॅटरी

बाबांनी चाळीस वर्षं घड्याळं दुरुस्त केली. सगळे त्यांना मास्तर म्हणत. दुकान विकलं तेव्हा एक भिंग, एक चिमटा आणि दोन बारीक स्क्रूड्रायव्हर तेवढे घरी आणले. बाकी सगळं, बॅटरी तपासायच्या मीटरसकट, नव्या मालकाला दिलं. मीटर घरी असता तर माझं पाप पहिल्याच दिवशी उघडं पडलं असतं.

मागच्या महिन्यात त्यांनी ब्रेक समजून भलतंच पेडल दाबलं आणि गाडी शेजाऱ्यांच्या फाटकात घातली. तिथे उभी असलेली शेजाऱ्यांची मुलगी हातभर अंतरानं वाचली. "यांना गाडी देऊ नका," डॉक्टर म्हणाले. बाबा दोन दिवसांत सगळं विसरले. चावी लपवली की घर डोक्यावर घ्यायचे. मग मी शक्कल लढवली. बटणाची रिमोट चावी त्यांच्याकडेच राहू दिली, तिच्या आतली दार उघडायची साधी किल्ली काढून घेतली आणि मेलेली बॅटरी बसवली. अतिशहाणा त्याचा बैल रिकामा, दुसरं काय.

"बॅटरी गेलीय गं. नवी आण, मी बसवतो."

मी नव्या पाकिटात मेलेलीच घालून दिली.

त्यांनी खिडकीशी टेबलावर कागद पसरला, डोळ्याला भिंग लावलं, फटीत स्क्रूड्रायव्हर घालून हलकेच पीळ दिला. झाकण ओरखडाही न येता उघडलं. बॅटरी चिमट्यानं बसवली, बोटाचा घाम लागू दिला नाही. खिडकीतून बटण दाबलं. खाली गाडी ढिम्म. पुन्हा उघडलं, पुसलं, बसवलं. ढिम्म.

आठवड्यात तीन बॅटऱ्या झाल्या. चौथ्या वेळी त्यांनी मला विचारलं, "अधिकची बाजू वरच ना गं?"

ज्यानं हजारो बॅटऱ्या बदलल्या, तो माणूस हे मला विचारत होता. मला माझी किळस आली. तरी ती फाटकातली पोर डोळ्यांपुढून हलेना. "हो बाबा, वरच," मी म्हणाले.

दुसऱ्या दिवशी तेच शेजारी मनगटी घड्याळ घेऊन आले. "मास्तर, एवढा सेल बदलून देता?"

बाबांनी दोन्ही हात पाठीमागे घेतले. "बाजारात द्या. माझा हात गेला आता."

ते गेल्यावर बाबांनी भिंग, चिमटा, स्क्रूड्रायव्हर रुमालात बांधून माझ्यापुढे ठेवले. वर चावी. "ठेव तुझ्याकडेच." मला जे हवं होतं ते न मागता मिळालं होतं. न्हाणीघरात नळ सोडून मी पोटभर रडले.

सकाळी त्यांना डॉक्टरांकडे न्यायचं होतं. मी सुरीनं झाकण उचकटून चांगली बॅटरी बसवली. अंगणात बटण दाबलं. दिवे लुकलुकले.

बाबांनी चावी हातात घेतली. अंगठा ओरखड्यावरून फिरवला.

"खरवडलंस झाकण," ते म्हणाले. "पण तुला जमलं गं. पहिल्याच फटक्यात."

आणि मुकाट्यानं जाऊन माझ्या शेजारच्या सीटवर बसले.