गंजाडच्या माळावरचं लँडिंग

“काका, स्पीडचा काटा शून्यावर आहे,” रेडिओच्या हॅण्डसेटवर केतनचा आवाज आला. मी वर पाहिलं. त्याचं दोन सीटचं विमान गंजाडच्या शेतांवरून झकास उडत होतं.

केतनची घोलवडला चिकूची वाडी. चार वर्षं खपून त्याने हे विमान स्वतः बांधलं आणि गंजाडच्या माळावर धावपट्टी केली. मी एअरक्राफ्ट मेन्टेनन्स इंजिनिअर, रिटायर होऊन बोर्डीला राहायला आलेला. विमान तपासून ‘उडायला हरकत नाही’ अशी सही करणं माझ्याकडे. जन्मभर विमानं दुरुस्त केली, उडवलं एकही नाही.

वर असेपर्यंत काटा नसला तरी निभावतं. खरा घोर उतरताना. वेग जास्त राहिला तर पट्टी संपते, आणि आमच्या पट्टीच्या टोकाला सागाची झाडं. वेग कमी पडला तर पंख विमानाला पेलत नाहीत, ते खाली कोसळतं. त्याला स्टॉल म्हणतात. जमिनीजवळ स्टॉल झाला की सावरायला उंचीच उरलेली नसते.

“टेक-ऑफला काटा बघितला नाहीस?”

“नाही ना. पावसाळ्यानंतर पहिल्यांदाच उडालो, भानच नव्हतं. काका, आता काय करू?”

रागवायची ती वेळ नव्हती. शेजारी त्याची आई उभी होती.

“काय म्हणतोय?” तिने विचारलं.

“वारा कुठला ते विचारतोय,” मी थाप मारली.

आधीच्या लँडिंगच्या नोंदी वहीत होत्या. त्या बघून मी सांगितलं, “आरपीएम तेवीसशे ठेव. नाक नेहमीइतकंच खाली. काटा विसर.” इंजिनची ताकद आणि नाकाचा कोन ठरलेला असला की वेगही जवळपास ठरतो. सांगायला सोपं.

पहिल्या खेपेला तो फार वेगात आला. अर्धी पट्टी संपली तरी चाकं टेकेनात. “वर घे!” मी ओरडलो. सागाच्या शेंड्यांवरून तो जेमतेम निसटला.

दुसऱ्या खेपेला इंजिनचा आवाज अचानक पडला. झाडांच्या धास्तीने त्याने पॉवर काढली होती.

“पॉवर दे! केतन, पॉवर!”

इंजिन गरजलं, पण उशीर झाला होता. दोन पुरुष उंचीवरून विमान आपटलं. डावं चाक मोडलं, डावा पंख जमिनीत रुतला आणि विमान गर्रकन फिरून थांबलं. मी धावलो. पेट्रोलचा वास येत होता. एक ठिणगी पडली की संपलं, एवढंच डोक्यात होतं. केतन बेल्टला लोंबकळत होता. मनगट मोडलेलं, पण बोलत होता. त्याला बाहेर ओढलं आणि मला रडू फुटलं.

आई त्याला घेऊन डहाणूच्या हॉस्पिटलात गेली. मी विमानाशी मागे राहिलो. उजव्या पंखाखाली पुढे तोंड केलेली एक बारीक नळी असते, पिटो ट्यूब. समोरची हवा तिच्यात शिरते आणि त्या दाबावर वेगाचा काटा हलतो. नळीत तार घालून टोकरलं. वाळलेलं हळदकुंकू निघालं, मागोमाग अक्षतेचे दोन दाणे.

आदल्या दिवशी दसरा होता. आईने विमानाची पूजा केली होती, पात्यापासून शेपटापर्यंत बोट टेकवत. नारळ मीच फोडला होता. तपासणी मात्र पूजेच्या आधीच उरकलेली, आणि सकाळी तीच सही चालवून घेतली.

संध्याकाळी हॉस्पिटलात गेलो. बाकावर आई बसली होती.

“भाऊ, माझ्या पूजेत काही कमी राहिलं का हो?”

“नाही ताई. पूजा पुरी झाली होती. तपासणी माझी राहिली.”

रिपोर्टातही मी तेच लिहिलं. पूजेला माझी आजही ना नाही. फक्त देवाचं आटोपलं की इंजिनिअरने तार आणि फडकं घेऊन विमानाभोवती एक फेरी मारायची, आणि मगच सही करायची.