वेळ आली तर टाकून देता येईल अशी मोटर

माझी शेवटची पोस्टिंग पुण्यात होती. इंजिनिअर रेजिमेंट, हुद्दा हवालदार, काम बोटींचं. बोटीच्या मागे जी मोटर लागते तिला फौजेत ओबीएम म्हणतात. पांझरा नदीत गुडघाभर पाणी बघून वाढलेला धुळ्याचा माणूस बोट चालवतो, म्हणून लंगरमध्ये, म्हणजे फौजेच्या जेवणघरात, माझी रोज थट्टा व्हायची.

हे आता सांगायचं कारण म्हणजे एक डिंगी. तापीकाठच्या एका गावात पैलतीरी जायला मोठी बोट आहे. ती उथळ पाण्यात चालत नाही, म्हणून तिच्यामागे छोटी डिंगी बांधलेली असते. त्या डिंगीला मोटर घ्यायची होती. गावातले लोटन आबा म्हणाले, फौजीला विचारा. मग सरपंच, आबा आणि मी जळगावच्या दुकानात गेलो. सरपंचांची नजर पंधरा हॉर्सपॉवरवर होती.

"घ्यायची तर मोठीच घ्या. पुन्हा पुन्हा पैसे कोण देतं?" ते म्हणाले.

मोटर म्हणजे काही पोराचा शर्ट नव्हे, वाढत्या अंगाचा घ्यायला. मी नाही म्हणालो. आबा खाली बघत उभे होते. त्यांना कारण माहीत होतं.

काही वर्षांपूर्वी तापीला पूर आला आणि आमचा कॉलम, म्हणजे मदतीची तुकडी, जळगाव जिल्ह्यात उतरला. सकाळी चहा, बोटी फुगवणं, ओबीएम तपासणं, मग दिवसभर माणसं काढणं. बोट दोनवर आम्ही तिघं होतो. मोटरवर मी, पाणी उपसायला एक सॅपर, म्हणजे आमच्यातला साधा जवान, आणि पुढे नायक बैसाणे. बैसाणे नरडाण्याचा. लोकांशी अहिराणीत बोलायचा, त्यामुळे घाबरलेली माणसंही त्याचं ऐकायची.

दुपारी वायरलेसवर निरोप आला. केळीच्या बागेत पंपघराच्या छतावर तिघं अडकले आहेत. आम्ही निघालो. बाग पाण्याखाली होती, केळीचे नुसते शेंडे वर होते. छतावर लोटन आबा, त्यांची बायको आणि नात.

खानदेशातला केळीवाला पूर येणार कळलं की आधी ठिबकच्या नळ्या गुंडाळतो. आबांनीही त्या गुंडाळून छतावर नेल्या होत्या. आम्ही जवळ येताना दिसलो तसं त्यांनी एका भेंडोळ्याचं टोक छताच्या लोखंडी अँगलला बांधलं आणि भेंडोळं आमच्याकडे फेकलं.

"साहेब, हाई धरा. दोर शे."

"नका टाकू, आबा!" बैसाणे ओरडला.

उशीर झाला होता. भेंडोळं बोटीच्या मागे पडलं, सुटलं आणि मोटरच्या पंख्याला वेढे बसले. मोटर बंद. बोट मागून बांधल्यासारखी जागच्या जागी थांबली आणि प्रवाह मागूनच आत येऊ लागला. आबांनी छतावरची गाठ सोडली. उपयोग झाला नाही, नळी मध्येच बुडालेल्या केळीत गुंतली होती. मी मोटर वर उचलायला गेलो. ती हलेना. काढून टाकावी म्हटलं तर मोठी मोटर, नटबोल्टनं आवळलेली, आणि तो भाग पाण्याखाली.

"कंट्रोल, बोट दोन. ओबीएम बंद. अडकलोय. ओव्हर."

"बोट दोन, दुसरी बोट लांब आहे. थांबा. ओव्हर."

थांबायला बोट वर राहायला हवी होती. पाणी नडगीपर्यंत आलं. मी तेव्हा घाबरलो होतो, हे लपवत नाही.

बैसाणेनं लाइफ जॅकेट काढलं. जॅकेट घालून बोटीखाली जाता येत नाही.

"उस्ताद, चाकू द्या."

मी त्याच्या कमरेला दोर बांधला आणि चाकू दिला. तो दोनदा श्वास घ्यायला वर आला. तिसऱ्यांदा गेला तेव्हा नळी तुटली. बोट गर्रकन फिरली, तो तिच्याखाली होता. दोर ओढून आम्ही त्याला वर घेतलं. श्वास नव्हता. छाती दाबत राहिलो, आला नाही.

मग वल्ह्यांनी पंपघर गाठलं आणि तिघांना बोटीत घेतलं. आबांच्या बायकोनं अंगावरची शाल काढून बैसाणेवर घातली.

जळगावच्या दुकानात आता आबा पुढे झाले. हातानं फिरवायच्या दोन स्क्रूंवर बसणारी अडीच हॉर्सपॉवरची मोटर त्यांनी एका हातानं उचलली, पुन्हा ठेवली.

"मी एकला जी उचलीसन फेकसू, तीच ल्या."

सरपंचांनी मान डोलावली.

मोटर डिंगीला बसवली तेव्हा आबांनी दोन्ही स्क्रू स्वतः सोडून पाहिले आणि पुन्हा आवळले. निघताना त्यांनी माझ्याजवळ केळीचा घड दिला. बागेतला पहिला घड ते दर वर्षी नरडाण्याला बैसाणेच्या आईकडे पोचवतात. या वेळी मी नेला.

बैसाणेची आई, अक्का, ओट्यावर बसल्या होत्या. आत भिंतीवर बैसाणेचा वर्दीतला फोटो. मी त्याला सॅल्यूट केला, घड खाली ठेवला.

"मोटर लिन्ही का?" त्यांनी विचारलं. आबांनी त्यांना आधीच सांगून ठेवलं होतं.

"लिन्ही, अक्का. न्हानी शे. अडकनी तर फेकी देता येस."

त्यांनी घड जवळ ओढून घेतला.

"बरं करं, भाऊ," त्या म्हणाल्या. "आते कोनले खाले उतरनं पडाव नई."